पाटीवरून फिरणारा हात

प्रिय थापाडे,

ह्या नावानं तुला हाक मारून तीस वर्षं तरी झाली असतील. पाकीट फोडल्यावर तुला वाटलं असेल, म्हाताऱ्यानं भलत्याच कुणाचं पत्र आपल्या पत्त्यावर टाकलं. तसं नाही, तुझंच आहे. खुशाली विचारत नाही, कारण माझ्या निबंधांच्या पुस्तकात 'परगावी असलेल्या मुलीस पत्र' नावाचा नमुना आहे आणि त्याची सुरुवात खुशालीनंच होते. फोन करता आला असता. पण फोनवर तू 'हो बाबा, बरं बाबा' म्हणतेस आणि माझं बोलणं आटोपतं. तर, आईवरच्या तुझ्या आठ ओळी मिळाल्या. तिच्या गणवेशांच्या कारखान्यातल्या बायका तिच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढताहेत, त्या पुस्तिकेसाठी मीच तुझ्याकडे मागितल्या होत्या, आणि तू दुसऱ्याच दिवशी पाठवल्यास. मी त्या अजून पुढे दिलेल्या नाहीत. शुक्रवारी पुस्तिका छापायला जाते आणि तुझं पान कोरं आहे. का, ते सांगायला मला जरा मागं जावं लागेल. मास्तर माणूस, प्रस्तावनेशिवाय माझं चालत नाही.

आईला जाऊन महिना झाला. तिचा चष्मा अजून शिवणयंत्रावर आहे, तो मी हलवलेला नाही. परवा सदऱ्याचं बटण तुटलं म्हणून सुई शोधत होतो. कॉलर विभागात सव्वीस वर्षं काढलेल्या बाईच्या नवऱ्याला सुईत दोरा ओवता येत नाही, हे तिच्या मैत्रिणींना सांगू नकोस. तिचा सुयांचा डबा पालथा केला, तर बटणांच्या तळाशी घडी घातलेलं एक पान निघालं. चौथीतल्या तुझ्या वहीचं. विषय, माझी आई. मी ते फाडून केराच्या टोपलीत टाकलं होतं, हे मला लख्ख आठवतं. तिनं ते उचललं, इस्त्रीनं सपाट केलं आणि मला पत्ता लागू दिला नाही.

त्या वेळी तू खरीच थापाडी होतीस. शाळेतून आलीस की दप्तर खाली ठेवायच्या आधी एक थाप तयार. आज फळ्याच्या मागं मांजर व्याली. आज बाईंची सावली उशिरा आली म्हणून तिला वर्गाबाहेर उभं केलं. आम्ही हसायचो, आणि तू गंभीर चेहऱ्यानं हातपाय धुवायला जायचीस. निबंधही तसाच होता. आई कामावरून येते तेव्हा तिच्या कपड्यांना दोरे चिकटलेले असतात. पांढरे असले तर आज तिनं डॉक्टर केले, खाकी असले तर पोलीस. रविवारी ती कुणालाच करत नाही, म्हणून चिडचिड करते. खाली डिंकानं तीन दोरे चिकटवले होतेस. खाकी आणि निळा अजून आहेत, पांढरा गळून पडला. आणि त्या दोऱ्यांच्या शेजारी तुझ्या वर्गाच्या बाईंचा लाल शेरा, 'आई अशी नसते. नमुना पाहून लिही.' दहापैकी दोन, तेही अक्षराचे.

आता नमुना कुणाचा? तुझ्या बापाचा. वेष्टनाच्या रंगावरून शाळाभर ज्याला 'गुलाबी' म्हणत ते पुस्तक, पान चौदा. मी चिडलो तो बाईंवर नाही, तुझ्यावर. निबंधाचं पुस्तक लिहिणाऱ्याच्या पोरीला निबंधात दोन गुण, शिक्षकांच्या खोलीत मी तोंड कुठं दाखवू, ह्याचीच मला पडली होती. त्या नमुन्यातली आई पहाटे उठते, सगळ्यांचं करते, कधी रागावत नाही आणि तिच्या ओठांवर सदा हसू असतं. मी तो आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिला. तुझी आई जादा पाळीला गेली होती, दूध उतू गेलं होतं आणि शेगडी मीच पुसत होतो. असली बाई मी जन्मात पाहिलेली नव्हती, तरी अर्ध्या तासात लिहून मोकळा झालो.

तो नमुना मी तुला दहा वेळा उतरवून काढायला लावला. तिसऱ्या वेळी तू थांबलीस. पुस्तकात छपाईची चूक राहिली होती. 'तिचा मायेचा हात पाठीवरून फिरला, की साऱ्या दिवसाचा शीण नाहीसा होतो', असं मी लिहिलं होतं, आणि पाठीवरूनचं झालं होतं पाटीवरून. तू विचारलंस, बाबा, पाटीवरून हात फिरवला तर लिहिलेलं पुसलं जातं ना? चूक मला ठाऊक होती. मुद्रकाशी भांडूनही झालं होतं. पण तुझ्या बाई पुस्तक उघडं ठेवून वह्या तपासायच्या, म्हणून मी म्हणालो, छापलंय तसं लिही. वर्गात एक्केचाळीस मुलं होती. परीक्षेत एक्केचाळीस जणांनी पाटी लिहिलं आणि त्यासाठी एकाचाही गुण कापला गेला नाही. पुढच्या आवृत्तीत मी चूक सुधारली, तर कुठल्याशा मुख्याध्यापकांचं पत्र आलं. अर्ध्या मुलांकडे पाठ, अर्ध्यांकडे पाटी, आता बरोबर कुणाला धरायचं? प्रकाशकानं घाबरून पाटी परत घातली. पुढच्या वीस आवृत्त्यांत ती तशीच राहिली आणि मी प्रत्येक आवृत्तीवर मुकाट्यानं सही केली. तुझ्या बाईंना दोष देऊन मी सुटणार नाही. चाळीस-चाळीस वह्या घरी न्यायच्या तर माणूस डोळे मिटूनच तपासतो. मीही तेच केलं, एकतीस वर्षं, लोकांच्या पोरांना.

तुझ्या आईनं तुझा तो दोऱ्यांचा निबंध दारातच वाचला होता, खांद्याची पिशवी खाली न ठेवता, आणि इतकी मोठ्यानं हसली की शेजारीण डोकावली. मग शेरा दिसला. रात्री जेवताना मला म्हणाली, "मी अशीच आहे. तुमच्या पुस्तकातली ती बाई कोण, मला माहीत नाही." चार दिवस तिनं अबोला धरला. वार्षिक परीक्षेत तू पहिली आलीस, निबंधात दहापैकी नऊ. मी तुला शाईचं पेन आणलं. तिनं ते पाहिलं आणि नुसती पाठ फिरवून कणीक मळत राहिली. त्यानंतर थापा बंद झाल्या. पुस्तक उघडलंस की पहिला प्रश्न, बाबा, ह्यात मुद्दे किती? चित्रातल्या झाडाला रंग देतानासुद्धा तू मला तेच विचारलंस. आणि मला, मेल्याला, तुझा अभिमान वाटला. आज विम्याच्या कचेरीत नकाराच्या पत्रांचे मसुदे तू करतेस, एकसारखे, बिनचूक, आणि साहेब खूश आहेत म्हणतेस. मला त्याची लाज वाटते. तुझी नाही, माझी.

आता तुझ्या आठ ओळींचं सांगतो. पहिली वाचली आणि बरी वाटली. दुसरी वाचताना तिसरी काय असेल ते मला आधीच कळलं. पाचवीपाशी उठून कपाटातलं गुलाबी काढलं, पान चौदा, आणि बोट ठेवून ताडून पाहिलं, वह्या तपासायचो तसं. 'तिचा मायेचा हात पाटीवरून फिरला, की साऱ्या दिवसाचा शीण नाहीसा होई.' होतो-चं होई केलंस, ती गेली म्हणून. बाकी काना-मात्रा जशाच्या तशा, पाटीसकट. तू पुस्तक पाहून लिहिलं नाहीस, हे मला माहीत आहे. ते तुझ्या घरात नाहीच. सख्खी आई गेल्यावर तुझ्या मनातून जे आलं, ते हे आलं, आणि ते तुला तुझंच वाटलं. म्हणून बायकांना सांगितलंय, पोरीचं पान अजून यायचंय. गुरुवारपर्यंत पाठव. चौथीतलं ते पान मी तुला पाठवत नाही. पाठवलं तर तेच उतरवून काढशील, मीच तुला तसं शिकवलंय. डॉक्टर आणि पोलीस वर लिहून बसलोच आहे, तेही घेऊ नकोस, ते नऊ वर्षांच्या पोरीचे आहेत. तुला तिचं जे आठवतं ते लिही. तिचा राग लिही. काहीच आठवत नसेल तर तेवढंच लिही, एक ओळ, मी तीच छापायला देईन. थाप मारलीस तरी चालेल.

तुझाच,
पान चौदावाला बाबा