सगळंच अळणी

ता. ९ मे
चि. बोक्यास अनेक आशीर्वाद.
फोटो मिळाला. इतका रापलास की तुझ्या भट्टीच्या मालकांचाच फोटो आला, असं क्षणभर वाटलं. गाल कुठे गेले? पाव फुगवतोस आणि स्वतः मात्र वाळतोस. तुझं पत्र नाही, मी आपली खुळ्यासारखी लिहितेच आहे. दवाखान्यात पेशंटचे नंबर लावताना अर्धं लक्ष पोस्टमनकडे असतं. तब्येतीचं खरं लिही. नुसतं ‘मजेत आहे’ चालणार नाही.
आशीर्वाद आहेतच, कानही तयार ठेव.
तुझी ताई

ता. १८ मे
ती. ताईस सा. न. वि. वि.
मजेत आहे. थकवा असतो, उठून उभं राहिलं की अंधारी येते, पण भट्टीवरचा माणूस थकणारच.
गंमत सांगतो. परवा पिठात मीठ दुप्पट पडलं. चाखलं तर अळणी, आणखी घातलं तरी अळणी. गिऱ्हाइकं पाव परत घेऊन आली. मालकांनी विचारलं, की आता पाणी विकायचा विचार आहे का. हल्ली शेळीसारखे मिठाचे खडे चघळतो. आणि तळहाताच्या रेषा शाईने काढल्यासारख्या काळ्या झाल्यात, कितीही धुतल्या तरी जात नाहीत. भविष्य बघणाऱ्याला चष्मा लागायचा नाही.
लोभ वाढव, टोमणे आवर.
तुझा बोक्या

ता. २२ मे
चि. बोक्यास अनेक आशीर्वाद.
हसवायला म्हणून तुझं पत्र आमच्या डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं. त्या हसल्या नाहीत. भट्टीच्या आचेने तळहाताच्या रेषा काळ्या होत नाहीत, म्हणाल्या.
मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या दोन ग्रंथी असतात, अ‍ॅड्रिनल. अंगातलं मीठ धरून ठेवायचं, रक्तदाब सांभाळायचा, आजारपणात बळ पुरवायचं, ही त्यांची कामं. मेंदूखालची एक ग्रंथी त्यांना हुकूम सोडते. खालून कॉर्टिसोल, म्हणजे टोप्यांचा रस, पुरेसं रक्तात आलं की वरचीला कळतं आणि ती गप्प बसते. तुझ्या टोप्या बहुतेक बंद पडल्यात. उत्तर येत नाही म्हणून वरची ओरडतेच आहे, आणि त्या ओरडण्यानेच कातडी काळवंडते. मला वाटलं, ही वरची म्हणजे मीच.
साधा तापसुद्धा जिवावर बेतू शकतो. हातातलं काम टाकून मोठ्या रुग्णालयात जा. भट्टीत फोन असता तर ही वेळ आली नसती. तू रविवारशिवाय पाकीट फोडत नाहीस, म्हणून संशय पाकिटावरच ठळक अक्षरांत लिहिलाय. पोस्टमनने वाचलं तर वाचू दे.
तुझी ताई

ता. २६ मे
बोक्या,
मायना लिहायला धीर नाही. पाकीट पोचलं का? काल एकच नंबर दोन पेशंटना दिला. रजा सोमवारपासून मिळाली आहे, तोवर एक ओळ तरी लिही.
ताई

ता. २८ मे, रुग्णालय
ती. ताईस सा. न. वि. वि.
जिवंत आहे. आधी तेच लिहितो.
साधाच ताप आला होता. पिठाच्या गोण्यांपाशी कोसळलो. उलट्यांवरून इथल्या डॉक्टरांना वाटलं, शिळंपाकं खाल्लं असेल. तुझं पाकीट माझ्या खिशात होतं, तापात वरचं अक्षरही न बघता कोंबलेलं, न फोडलेलं. मालकांनी त्यावरचं तुझं अक्षर वाचलं आणि ते डॉक्टरांच्या नाकासमोर धरलं. मग सलाइन, इंजेक्शन, धावपळ. आता जन्मभर गोळ्या, आणि ताप आला की जास्त, कारण माझ्या ग्रंथी आपणहून काही वाढवून देणार नाहीत.
आज जेवण आलं. मी मीठ मागितलं नाही.
पाकीट आत्ता फोडलं, रविवार नसताना. ‘वरची म्हणजे मीच’ इथवर आलो आणि रडू आवरेना. डॉक्टर म्हणतात, गोळ्यांमुळे वरचीला उत्तर मिळायला लागेल, तिचं ओरडणं कमी होईल आणि रेषाही फिकट होतील.
तुझं मागाहूनचं पत्रही मालकांनी इथे आणून दिलं. सोमवारी ये. तोवर हे माझं उत्तर, ताई. पोचलं की झोप.
तुझा बोक्या