मंदारचा पंख्यांचा कारखाना

माधव नगर, उज्जैन
११ फेब्रुवारी १९९६

चि. मंदार यास अ. उ. आ.

तुझे पत्र पोचले. माईचा गुडघा थंडीत दुखतो, बाकी ठीक. आमच्या क्लासचे मालक भय्यासाहेब यांनी दर रविवारी फ्रीगंजमधल्या क्लासचा संगणक मला वापरू दिला आहे. आपण दोघांनी लिहायला घेतलेला व्यापाराचा खेळ मी त्यावर पुरा केला. तू परदेशी गेलास म्हणून तो अर्धा टाकावा असे मला वाटले नाही.

खेळायची रीत अशी. प्रत्येकाला सारखे भांडवल आणि एक कारखाना मिळतो. दर फेरीत माल किती काढायचा, भाव काय लावायचा आणि कोणाच्या कंपनीचे शेअर घ्यायचे किंवा विकायचे, हे ठरवायचे. माल जास्त काढला तर पडून राहतो, कमी काढला तर गिऱ्हाईक जाते. कारखाना चालला की शेअर चढतो. फक्त स्वतःचा कारखाना सांभाळणारा सहसा जिंकत नाही. दुसऱ्याची कंपनी वेळीच ओळखून घ्यावी लागते.

महिन्याला एक फेरी. तुझ्या निर्णयांची चिठ्ठी दर वेळी वेगळ्या बंद पाकिटात पाठव. माझे हुकूम, म्हणजे घेण्या-विकण्याचे निर्णय, संगणकात भरून झाल्यावरच मी ते फोडीन. खेळाला किमान तीन जण लागतात. दोघांत बाजार होत नाही, नुसता सौदा होतो. तिसरी माई. तिने शेवेचा कारखाना मागून घेतला. मी वीजमीटर घेतले, तुला पंखे ठेवले. सलग तीन फेऱ्या चिठ्ठी आली नाही तर खेळाडू बाद आणि त्याच्या कंपनीच्या शेअरचा लिलाव. दोनच उरले की खेळ बंद.

लोभ आहे तसा असू दे.
जयूताई

सॅन होजे
३ मार्च १९९६

ती. जयूताईस सा. न. वि. वि.

मान गए. लोकांच्या बहिणी खुशाली विचारतात, माझी नियमावली पाठवते. आणि पंखेच का? इथे ऑफिसच्या खिडक्याही उघडत नाहीत. भारतीय दुकानात शेव मिळते, पण तिला जुन्या तेलाचा वास येतो. माईला सांग, मैदान मोकळे आहे.

तू माझे पाकीट आधीच फोडशील असा मला संशय आला होता. पण कॅरममध्ये स्वतःचा फाउल स्वतः सांगणारी तू एकटीच, म्हणून संशय मागे घेतो. संध्याकाळी खोलीवर आलो की मराठी बोलायला कोणी नसते. काल तुझे नियम मोठ्याने वाचले. बरे वाटले.

चिठ्ठी सोबत आहे. माईला नमस्कार. लोभाचे शेअर तेवढे विकू नकोस.
तुझा मंदार

माधव नगर, उज्जैन
१५ सप्टेंबर १९९६

चि. मंदार यास अ. उ. आ.

जूननंतर तुझी चिठ्ठी नाही. दोन फेऱ्या रिकाम्या गेल्या. कारखाना थांबल्यामुळे पंख्यांचा शेअर तळाला आहे. मी माझ्याकडचे जुलैतच विकले. खेळ म्हणून तेच बरोबर होते.

माई मात्र दर फेरीत पंखेच घेते. शेवेच्या कारखान्याला जेमतेम बेसनापुरते भांडवल उरले आहे. मी तिला दोनदा समजावले, पडता शेअर असा धरून ठेवत नाहीत. ती म्हणाली, घरच्या दुकानात कोणी भाव करतं का. मी तिचा हुकूम भरला.

तिसरी फेरी मी दसऱ्यापर्यंत थांबवली आहे. नियमात तशी सोय नाही, पण पोस्टाला उशीर होतो हे खरे आहे. तुझी चिठ्ठी आली नाही तर तू बाद होशील आणि खेळ संपेल. नियम मीच लिहिला आहे आणि तो सगळ्यांना सारखा आहे.

रविवारी क्लासमध्ये कोणी नसते. काम लवकर आटोपते.

लोभ आहे तसा असू दे.
जयूताई

सॅन होजे
२० ऑक्टोबर १९९६

ती. ताईस सा. न. वि. वि.

घाईत लिहितो. कंपनीने मला खरेखुरे शेअर दिले आहेत, आणि त्यांच्यामागे रात्रंदिवस काम. तुझ्या पंख्यांकडे बघायला खरंच सवड नाही. मला हरलेला समज आणि खेळ आटोपता घे. रागावू नकोस. फोन करतोच ना मी? पत्रात वेगळे काय असते?

माईला नमस्कार. लोभ असेलच.
मंदार

माधव नगर, उज्जैन
१७ नोव्हेंबर १९९६

चि. मंदार यास अ. उ. आ.

तुझे पत्र दिवाळीनंतर पोचले. आत चिठ्ठी नव्हती. पत्रात वेगळे काय असते, असे तू विचारले आहेस. फोनवर माई ‘ऐकू येतंय का’ एवढेच विचारते, आणि तू हो म्हणेपर्यंत वेळ संपते. याहून जास्त मला सांगता येणार नाही.

दसरा उलटला तरी मी तुझ्या चिठ्ठीसाठी थांबले होते. आज तिसरी फेरी भरली. माईने बरोबर यायचा हट्ट धरला. क्लासचा जिना कठड्याला धरून चढली आणि माझ्या मागे स्टुलावर बसली. संगणकाने तुला बाद केले. लिलावात तिने उरलेले सगळे भांडवल लावले. पंख्यांचा कारखाना आता तिचा आहे.

तिने विचारले, मंदारला तो परत कसा द्यायचा. मी सांगितले की खेळात घेणे आहे आणि विकणे आहे. भाव ठरवून विकता येईल. मुलाला विकू का, असे तिने विचारले. मी म्हटले, तिसरा हुकूम नाही. तिने स्टूल पडद्याजवळ ओढले. मग म्हणाली, तूच लिहिलंयस ना, मग लिही.

लिहिला. आता त्या दोन्हींच्या खाली ‘देणे’ आहे. त्याला भाव लागत नाही. फक्त ज्याला द्यायचे त्याला संगणक विचारतो, स्वीकार आहे का. माईने पंख्यांसाठी तो भरला. पडद्यावर तुझे नाव आहे, आणि पुढे प्रश्न. उत्तर आल्याखेरीज खेळ बंद होत नाही. उत्तर एका शब्दाचे आहे, कार्डावर चालेल. या प्रश्नाला मी फेऱ्यांची मर्यादा घातलेली नाही.

लोभ असू दे.
जयूताई