बोट ठेवून वाचणे

पूर्णा, ता. ७ मार्च १९५७

तीर्थरूप दाजी यांच्या पायाशी धाकटा मेहुणा माणिकराव याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. गुडघा कसा आहे? पायऱ्या चढू नका म्हणून आक्का सांगते आणि तुमी शाळेच्या गच्चीवर झेंडा बांधायला चढता, हे काही ठीक नाही. हेडमास्तर माणसानं खालून हुकूम द्यावा, चढणारे चढतात. आक्काचा खोकला, लेकरांची खैरियत, म्हैस व्याली का नाही, सगळं सविस्तर कळवा. इकडं आमी मजेत आहोत. पत्र सांगणार मी आणि लिहिणार दैवशाला. तीन महिने प्रौढांच्या वर्गाला जाऊन ती लिहायला शिकली, तिचा हात जरा मोकळा व्हावा म्हणून लेखणी तिला दिली. नाहीतर मीच लिहिलं असतं. (दाजी, नमस्कार. कंसातलं समदं माझं हाय. ह्यांना बालबोध लिहिता येत न्हाई आन वाचताबी येत न्हाई, म्हनून मी लिवायले. हे म्होरं येरझाऱ्या घालायलेत. मधीच कागदावर वाकून बघतात आन मान डोलावतात. ह्यांना सांगू नका. — दैवशाला)

तुमी वऱ्हाडात वाढलात, तुमच्या शाळेत मराठी होती. आमच्याकडं निजामाचं राज्य. शाळा उर्दू, कचेरी उर्दू, शिव्या तेवढ्या मराठी. बावीस वर्षं मी गिरदावरी केली. गावोगाव फिरायचं, पटवाऱ्यांची दप्तरं तपासायची, सरकारी हुकूम आला की चावडीवर वाचून दाखवायचा, सगळं उर्दूत. घरात माय मराठीत रागवायची, बाहेर मी उर्दूत रिपोर्ट लिहायचो, आणि दोन्हींचं कधी भांडण झालं नाही. आता नोव्हेंबरात आपण सगळे मुंबई राज्यात गेलो आणि वरून फर्मान आलं की इथून पुढं कारभार मराठीत, बालबोध अक्षरात. बालबोध म्हणजे बाळाला कळेल असं. मी सेहेचाळीस वर्षांचा. तिथंच पहिली बेइज्जती झाली.

तरी मी पहिलं पुस्तक आणवलं आणि दार लावून उघडलं. दाजी, काय सांगू! पहिल्याच पानावर एकाच्या डोक्यावर एक बसलेली जोडाक्षरं, नागरिकाचं कर्तव्य का काय ते, चित्र नाही, काही नाही. दोन दिवस त्या पानाशी झुंजलो. मनात म्हटलं, धन्य आहेत हे मराठी शाळेचे लोक, सहा वर्षांच्या लेकराला पहिल्या दिवशी एवढा जुलूम! तुमच्याबद्दल आदर दुप्पट झाला. तिसऱ्या दिवशी दैवशालानं चहा ठेवता ठेवता विचारलं, की अवो, पुस्तक मागच्या बाजूनं का उघडलंय? आमची पुस्तकं त्याच बाजूनं उघडतात, त्यात माझा काय गुन्हा? मग पुढून उघडलं, तर तिथं अननसाचा अ. बेइज्जती आणखी वाढली. (तवा पुस्तक माझ्या अंगावर फेकलं. मग सोताच उचललं, माझ्या पदरानं पुसून घेतलं आन पुस्तकाच्या पाया पडले.)

लिपी उजवीकडून चालते का डावीकडून, ह्याचं मला काही वाटत नाही. बैल दोन्हीकडून वळतातच. खरी अडचण निराळी आहे. आमच्या लिपीत अर्धे स्वर लिहीतच नाहीत. शब्द आधी ठाऊक पाहिजे, मगच तो वाचता येतो. त्यात कचेरीतला घसीट, पळता हात! तो अक्षरांचे नुक्ते, म्हणजे ठिपकेसुद्धा गाळायचा, कारण सगळे नुक्ते दिले तर साहेबाला वाटायचं ह्यानं मला अडाणी समजलं. असा कागद आला की त्याच्यावर नुसती नजर फिरवायची, दोन ठिकाणं ओळखायची, बाकीचं तजुर्ब्यानं, अनुभवानं. लांबून येणारा माणूस आपण चालीवरून ओळखतो ना, तसं. बालबोधाला तजुर्ब्याची कदरच नाही. काना, मात्रा, वेलांटी, सगळ्यांची हजेरी. एवढं सगळं लिहूनच ठेवायचं तर वाचणाऱ्यानं करायचं काय? बरं, एवढं काटेकोर आहे म्हणावं तर तेही नाही. आमच्याकडं जुलूम, जमीन, जरूर आणि जात, चारांचे चार वेगळे ज. तुमच्याकडं जग आणि जखम एकाच अक्षरावर भागवतात. त्यातल्या त्यात ऱ्हस्व वेलांटी मला घरची वाटली. बोलताना मागून येते, पण लिहिताना आधी येऊन बसते. आमच्या गावच्या म्हाताऱ्या पटवाऱ्याकडं गाऱ्हाणं नेलं, तर तो मोडीवाला. तो आधी कागदभर रेघ ओढतो आणि मग दोरीवर धोतरं वाळत घालावीत तशी अक्षरं टांगत जातो. म्हणाला, बालबोध पोथीसाठी असतं माणिकराव, कामासाठी नसतं. शहाणा माणूस.

आता शेजारच्या चुडावा गावचा किस्सा तुमच्या कानावर आला असेल तर तो खोटा आहे. खरा असा. जानेवारीत मला एक हुकूम चावडीवर वाचायला दिला. बालबोधात होता. तोवर थोडी अक्षरं ओळखीची झाली होती. दवंडी झाली, गाव जमलं, मी कागदावर नजर फिरवली. चुडावा दिसलं, मंगळवार दिसलं, लस दिसलं, टोचून दिसलं. बास! बावीस वर्षांत लस टोचायचा हुकूम मी किती वेळा वाचला असेल, दर वर्षी देवीची लस, दर वर्षी लेकरं. मी खणखणीत आवाजात वाचलं, की दहा वर्षांखालची सगळी लेकरं न्हाऊमाखू घालून मंगळवारी सकाळी आठाला चावडीपुढं हजर करावी, कसूर करणाऱ्याची गय होणार नाही. कसूर करणाऱ्याचं मी पदरचं घातलं होतं, त्याशिवाय हुकुमाला वजन येत नाही.

मंगळवारी सकाळच्या गाडीनं डॉक्टर उतरला. मीही हजर होतो. बासष्ट लेकरं ओळीनं उभी, डोक्याला तेल, डोळ्यांत काजळ, काहींच्या गळ्यात ताईत. डॉक्टरनं पेटी उघडली आणि सुई काढली. दाजी, दाभण! पोतं शिवायचं दाभण बरं, त्याच्यापेक्षा ती मोठी. डॉक्टरनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि विचारलं, जनावरं कुठं आहेत? तो ढोरांचा डॉक्टर होता. हुकूम बैलांना आणि गायींना लस टोचायचा होता. पण तेवढा खुलासा होईपर्यंत दम कुणाला? पुढंच गोजरबाई म्हणून एक बाई उभी होती, तीन नातवंडं घेऊन. साठीची आहे, पण आवाज इंजिनाचा. ती म्हणाली, “माझ्या नातवाला जनावर म्हनतो व्हय रं मुडद्या?” आणि तिनं डॉक्टरची टोपी उपटली. मग बाकीच्या बाया सरसावल्या. डॉक्टर पेटी टाकून टेसनाकडं पळाला आणि तिथल्या खोलीत शिरून त्यानं आतून कडी लावली. सुई एकाही लेकराला लागली नाही, हे मी नमूद करू इच्छितो. मी परिस्थिती शांतपणे हाताळली. (हे ज्वारीच्या कडब्यामागं बसले होते. संध्याकाळी घरी आले तवा पागोट्यात कडब्याचा पाला.)

मी समजलो, झालं गेलं गंगेला मिळालं. पण फेब्रुवारीत नव्या साहेबांनी जुन्या मुलाजिमांची मराठी तपासायला घेतली. साहेब सातारकडचे, बोलणं स्वच्छ, चेहऱ्यावर काही दिसत नाही. माझ्या हातात एक अर्ज दिला आणि म्हणाले, मोठ्यानं वाचा. मी नजर फिरवली. खाली गोजरबाई, चुडावा. मध्ये ढोर, नातवंडं, गिरदावर. म्हटलं, हे तर सोपं! बाई म्हटल्यावर भाऊबंदाचा त्रास असणार, ढोर म्हटल्यावर उभ्या ज्वारीत घुसलेलं असणार, नातवंडं म्हटल्यावर उपाशी असणार, आणि गिरदावर तर पंचनाम्याला बोलावतातच. दाजी, मी असा वाचला तो अर्ज, की शेजारचा कारकून डोळे पुसायला लागला. गोजरबाईचा हंबरडा, तुडवलेली कणसं, भुकेली नातवंडं, आणि शेवटी गिरदावर माणिकराव हे फार दयाळू असून त्यांना पाठवावं ही विनंती.

साहेब म्हणाले, छान. ह्या अर्जावर तुमचं मत काय? मी म्हणालो, अर्ज शंभर टक्के खरा आहे. मी त्या बाईला जातीनं ओळखतो, ती खोटं बोलणार नाही. दोषी इसमावर ताबडतोब कारवाई व्हावी. साहेब म्हणाले, तसं लिहून घेतो, दस्तखत करा. मी केली. उर्दूत केली. मग साहेबांनी तो कागद हातात घेतला आणि सावकाश वाचला. मला तो आता पाठ आहे. “गिरदावर मानिकराव यास वाचता येत न्हाई. त्यानं माझ्या नातवंडांस ढोराच्या डाक्टरापुढं उभं केलं. मी साठ वर्साची हाय, तीन म्हैन्यात शिकले, हे माझ्या हातानं लिवलं. त्यास एक तर शिकवावं, न्हाईतर घरी बसवावं. — गोजरबाई, चुडावा.” आणि खाली माझी शिफारस.

साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, माणिकराव, तुमची बावीस वर्षं मी एका दिवसात पुसणार नाही. पाडव्याच्या आधी एक दिवस या. येताना तुमच्या एखाद्या नातेवाइकाचं मराठीत आलेलं पत्र बंद पाकिटात आणा. मी फोडीन, तुमी वाचायचं. वाचता आलं तर नोकरी राहिली, नाही आलं तर ह्या बाईनं लिहिलंय तसं घरी बसा. आणि तोवर रोज संध्याकाळी चुडाव्याच्या प्रौढांच्या वर्गाला जायचं.

तेव्हापासून मी रोज संध्याकाळच्या गाडीनं चुडाव्याला जातो आणि मारुतीच्या देवळात त्या वर्गाची पाहणी करतो. (पाहनी न्हाई. पाटी घेऊन पहिल्या ओळीत बसतात.) मास्तर आठवड्यातून तीनदा येतो, बाकीचे दिवस गोजरबाई घेते. पहिल्या दिवशी मला वाटलं, ही आता सूड घेणार. तिनं नुसतं माझं बोट धरून पाटीवर ठेवलं. म्हणाली, “भाऊ, पळू नगा. बोट उचलायचं न्हाई. जितकं लिवलंय तितकंच वाचायचं.” बावीस वर्षांत मला असं कुणी सांगितलं नव्हतं. मी चार अक्षरं पुढं पळायचो, ती बोट मागं आणायची. परवा तिनं एक शब्द लिहिला. मी बोट ठेवलं. भ, काना, क, र. भाकर. दाजी, ही भाकर मी सेहेचाळीस वर्षं खाल्ली, मायकडं हट्ट करून मागितली, पण डोळ्यांनी वाचली कधी नव्हती. कुणी कागदावर दाखवलीच नव्हती. मला लय कसंतरी झालं. देवळात धूर फार असतो, त्यामुळं डोळ्यांतून पाणी आलं. (देवळात धूर नसतोय.)

असो. तुमची शाळा, तुमचा वेळ, आणि मी असा पाल्हाळ लावून बसलोय. आक्काला माझा नमस्कार, लेकरांच्या पाठीवरून हात फिरवा. गुडघ्याला एरंडाचा पाला बांधून पाहा.

तुमचाच,
माणिकराव

ता. क. साहेबांना दाखवायचं पत्र तुमच्याकडूनच यायला पाहिजे, दुसरं कोण आहे मला? तर तुमी खालील मजकूर जसाच्या तसा लिहून, पाकीट बंद करून, आठ दिवसांत धाडावा: “चिरंजीव माणिकरावास आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. म्हैस व्याली. रेडी झाली. आक्काचा खोकला बरा आहे. पाडव्याला या.” म्हशीला रेडा झाला तरी रेडीच लिहा. मी हे सहा तुकडे पाठ केलेत, एकही शब्द इकडचा तिकडं नको. नोकरीचा प्रश्न आहे, मास्तरकीचं तत्त्व काढून बसू नका.

(ता. क. दुसरं, हे माझं. दाजी, तुमाला हे पटनार न्हाई, मलाबी पटत न्हाई. तरी पाया पडते, ह्यांनी सांगितलं तसंच लिवा. ह्यांची ऐट समदी वरवरची हाय. झोपेत बाराखडी म्हनतात, ढ पाशी अडकतात आन दचकून उठतात. नोकरी गेली तर मानूस मोडंल. मला त्येंची लय काळजी वाटते, पन त्येंच्या तोंडावर कसं म्हनू? पाकीट चिकटवायला खळ न्हाई, तसंच देते ह्यांच्याजवळ डाकेत टाकायला.)

ता. क. तिसरे. दाजी, हे माझे हात लिहितात. जोडून बसलेली अजून जमत नाहीत, ती टाळली. पाकीट घेऊन निघालो, फलाटावर बसलो. ते उघडेच होते. बोट ठेवले आणि वाचायला लागलो. सकाळची गाडी गेली. दुपारची गेली. कंसासकट सगळे वाचले. अंदाज एकदाच केला, तो चुकला. जे खरे आहे ते कंसात आहे. पहिला ता. क. खोडला असे समजा. रेडी नको, पाठ केलेले काही नको. तुमचे मनात येईल ते लिहा, चांगले लांब लिहा. साहेब ऐकतील, मी वाचेन.

आता खरी विनंती. मला वाचता येते हे दैवशालाला कळवू नका. लगीन होऊन पंचवीस पावसाळे झाले, ती मला कधी इतके बोलली नाही. कळले तर कंस बंद होतील.