छापल्यागत बोलणं

अव्वा,

गेल्या आठवड्यात मी एक कादंबरी वाचून हसले. हे आधी सांगते, कारण माझ्या ओळखीतल्या कुणाला ते खरं वाटणार नाही. हायस्कुलात मी जन्मभर मराठी शिकवलं आणि त्या काळात मला हसताना पाहिलेली मुलं फार नसतील. कादंबरीही कसली, तर प्रेमाची आणि विनोदी. सुनेनं आणून टेबलावर ठेवली. म्हणाली, "आई, वाचून बघा. तुमच्या गडहिंग्लजसारखंच गाव आहे यात." मी म्हटलं, "गाव बघायचं असेल तर एसटीनं जाईन की." ती वाद घालत नाही. पुस्तक तिथंच ठेवून कामावर गेली.

कादंबरीत एसटी स्टँडच्या मागं शिवणाचा क्लास चालवणारी एक चाळिशीची बाई आहे आणि गुरांच्या दवाखान्यातला एक कंपाउंडर. माणूस इतका लाजाळू, की तिच्याकडे जायला निमित्त हवं म्हणून स्वतःच्या शर्टाचं बटण स्वतःच तोडतो आणि लावून घ्यायला जातो. चौथ्या दिवशी ती शर्ट हातात घेते, दोरा तोंडात धरते आणि विचारते, "पावणं, बटणं पडत्यात का पाडताय?" मी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचत होते. आमटीला उकळी येत होती. मी मोठ्यानं हसले आणि हसू संपायच्या आत मागं वळून पाहिलं. ते हसू माझं नव्हतं. आधी घशात अडकल्यासारखा खरखरीत आवाज, मग दम खाणं, आणि शेवटी हळूच "अगागागा". असं फक्त तू हसायचीस. मागं कुणी नव्हतं. मी गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसले.

तेव्हापासून त्या पुस्तकातली बाई बोलायला लागली, की मला तू ऐकू येतेस. मी मनात वाचते, ओठही हलवत नाही, तरी तूच बोलतेस. आता पुस्तक मिटलेलं असतानाही बोलतेस. काल भाजी निवडत होते, तर "देठ लई टाकतीस" असं स्पष्ट ऐकलं. हे वाक्य कादंबरीत नाही. पाहिलं मी.

म्हणून ते दुसरं पुस्तक काढावं लागतंय, पूर्वी मी तुला वाचून दाखवलेलं. उन्हाळा आहे. वर्षाची चटणी करायची म्हणून तू लसूण सोलत बसली आहेस, परातभर. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुझं शिक्षण दुसरीपर्यंत. अक्षर लागतं, पण ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरते, असं तूच म्हणायचीस. "वाच की मोठ्यानं, मी बी ऐकतो," म्हणालीस. मी वाचनालयातून आणलेली कादंबरी उघडली. तीही हसवणारी, तीही प्रेमाची. एकाची म्हैस रोज सुटून शेजारच्या बाईच्या दारात जाऊन उभी राहते, आणि म्हशीला न्यायला येण्यावरून पुढं सगळं जमतं. माणसं आपल्या बाजूची, बोलणंही आपलंच, जसंच्या तसं छापलेलं.

आणि त्याच महिन्यात कॉलेजात मी म्हणाले होते, "काल मी गावाला गेलतो." सांगलीची एक मुलगी भर वर्गात म्हणाली, "गेलतो? मुलगा आहेस का गं तू?" सगळा बाक हसला. आपल्याकडं बाया अशाच बोलतात, मी येतो, मी जातो, त्यात कुणाला काही वाटत नाही. त्या दिवशी मला वाटलं. मी ठरवलं, की हे बोलणं तोंडातून काढून टाकायचं. जिभेवर लक्ष ठेवलं. तुला अव्वा म्हणायचं सोडून आई म्हणायला लागले. तू विचारलं नाहीस का म्हणून.

तर कादंबरीतली ती बाई म्हणते, "म्हशीला कळतं, मालकाला कळंना." मी वाचलं, "म्हशीला समजते, परंतु मालकाला समजत नाही." तू वर पाहिलंस, हसायची जागा आहे असं कळल्यासारखी, आणि हसली नाहीस. पुन्हा लसूण सोलायला लागलीस. मी पानामागून पान असंच वाचत गेले, प्रत्येक 'हाय'चं 'आहे' करत. एक चूक राहू दिली नाही. तिसऱ्या दुपारी तू विचारलंस, "ही माणसं कुठली म्हणायची?"

"आपल्याच बाजूची."

"मग अशी का बोलत्यात, छापल्यागत?"

तेव्हा पुस्तक तुझ्यापुढं धरून, बोट ठेवून दाखवता आलं असतं. मी म्हटलं, "पुस्तकात असंच बोलतात." तू हातातली पाकळी सोलून परातीत टाकलीस. मग म्हणालीस, "व्हय. म्हंजे आमी काय पुस्तकात बसत न्हाई." तक्रार म्हणून नाही. एखादा डबा फळीवर बसत नाही म्हणावं, तसं. आणि पुढं वाच म्हणालीस. आपलं बोलणं त्या पानावर काळ्या शाईत छापलेलं होतं, अव्वा. तुझ्यापासून दोन हातांवर.

मी तेव्हा मनात म्हणत होते, पोर शिकली, आईही सुधारते आहे. माझ्या मैत्रिणी आल्या, की तू 'या, बसा' म्हणून आत जायचीस. माझ्याशी बोलताना थांबून, शब्द निवडून बोलायला लागलीस. बाकी सगळ्यांशी तशीच भांडायचीस, हसायचीस. मी आले, की आवाज खाली. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तू आयाबाईला म्हणालीस, "बरं हाय गं, तू जा जेवून ये." मी पडद्याच्या अलीकडं उभी होते. मी आत येऊन विचारलं, "कसं वाटतंय?" तू उशीवर डोकं सरळ केलंस आणि म्हणालीस, "बरं आहे." माझ्याशी बोललेलं तेच तुझं शेवटचं. आयाबाईशी शेवटपर्यंत तू आपल्या बोलीत बोललीस, आणि माझ्याशी परक्यासारखं, शुद्ध.

तू गेल्यापासून तीस वर्षांत तुझा आवाज मला एकदाही आठवला नव्हता. चेहरा आठवायचा, हात आठवायचे, आवाज नाही. आता तो रोज येतो, आणि खरं सांगते, त्याची भीतीही वाटते. तो तुझा आहे की त्या शिवणवाल्या बाईचा, हे मला ओळखता येत नाही. परवा दुपारी घरात कुणी नसताना मी ते बटणांचं पान मोठ्यानं वाचून पाहिलं, छापलंय तसं. जमलं नाही. डोळ्यांना 'पडत्यात' दिसतं आणि तोंडातून 'पडतात' येतं. सात वेळा वाचलं. जिभेवर इतकी वर्षं पहारा ठेवला, आता ती माझंही ऐकत नाही. तू मात्र तेवढा वेळ गप्प होतीस. पूर्वी ऐकताना व्हायचीस तशी.

हे पत्र कुठं टाकायचा प्रश्न नाही. घडी घालून त्या कादंबरीतच ठेवलं असतं, पण सुनेला ती परत हवी आहे, तिची मैत्रीण वाचायला मागते आहे. आज सकाळी डबा भरता भरता तिनं विचारलं, "आई, झाली का वाचून?" कादंबरी मंगळवारीच संपली होती. त्यात शिवणवालीचं नि कंपाउंडरचं लग्नही झालं. मी ओट्याकडं तोंड करून म्हटलं, "न्हाई अजून. वाचतोय की."

सून डब्याचं झाकण हातात धरून माझ्याकडं बघत राहिली. इतक्या वर्षांनी ते तोंडातून आलं, आणि खोटं बोलताना आलं.