आई गुहेत गेली त्याबद्दल

ती. सिएनीताईस,

धाकट्या फालानिकोचा आदरपूर्वक नमस्कार. ऑकलंडच्या थंडीत तुझे सांधे कुरकुरत नसतील, भावजी नि मुलं खुशाल असतील, अशी आशा करतो. इकडे आई ठीक आहे. (हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा रक्तदाब वाढणार नाही.)

तू तिचं तिकडे यायचं विमानाचं तिकीट काढलंस आणि तिला एकेका जागेची आठवण येऊ लागली. आधी धबधब्याखालचा डोह झाला. मग किनाऱ्यावरचे काळे कडे झाले. (तिथे वारा असा होता की मी तिचा दंड धरून उभा होतो. 'सोड, लोक बघतायत,' म्हणाली. लोक कुठले, नुसता समुद्र होता.) शनिवारी तारोचे कंद सोलता सोलता म्हणाली, आता गुहा. ती राष्ट्रीय उद्यानातली, डोंगराच्या पोटातून लाव्हा वाहून गेल्यावर उरलेली लांबलचक पोकळी. लहानपणी वादळात आजी तिला घेऊन तिथेच लपली होती म्हणे. मी तिचे गुडघे, तिचा दमा, शेवाळ, पाऊस, सगळं पुढे मांडलं. 'मग तू नको येऊस,' एवढंच म्हणाली. आता सांग, मी काय करणार होतो?

वाटेत उद्यानाचा पहारेकरी सेफो भेटला (पाद्रीबाईंचा भाचा, तू त्याला ओळखतेस). 'काकी, आत पाणी चढलंय, आज राहू द्या,' तो म्हणाला. आई म्हणाली, 'तुझा बाप रांगत होता तेव्हापासून मी आत जातेय,' आणि चालू लागली. बिचारा सेफो मागोमाग आला. झाडाएवढ्या नेच्यांतून ती पुढे, मी मागे (तिच्या सुरक्षेसाठी). गुहेच्या तोंडाशी सेफो थांबला, आम्ही दगड धरत आत उतरलो. गुडघाभर पाणी, गुडुप अंधार आणि डोक्यावर गुहेत घरटी करणाऱ्या त्या पाकोळ्या पक्ष्यांची टकटक करत फिरफिर. मग टॉर्च विझली. (कशी, त्या तपशिलात जात नाही.) मी हाका मारल्या, पण पाण्याच्या आवाजात उत्तर काही ऐकू येईना. ताई, त्या क्षणी मला मरणाची नाही, तुझी भीती वाटली. तुला फोनवर काय सांगायचं? मी सिगरेट सोडण्याची शपथसुद्धा घेतली. असो. काही वेळाने आम्ही दोघं बाहेर आलो.

तेव्हापासून मला चैन नाही. ती दुपारी झोपली की श्वास चालू आहे ना, म्हणून मी तिच्या नाकाशी बोट धरतो. परवा चावली.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
फालानिको

ता. क. अशा नाजूक प्रकृतीत तिला विमानात बसवणं मला धोक्याचं वाटतं. तिकीट रद्द करशील का? स्वयंपाक वगैरे ती इथे निभावून नेते.

ता. क. सिएनी, आई लिहितेय. पत्र टपालात टाकायला हा माझ्याकडेच देऊन गेला. टॉर्च याच्या हातातून पाण्यात पडली, ती उचलायला गेला नि स्वतःच खड्ड्यात पडला. गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहून मला हाका मारत रडत होता. शेवटी मी माझी नेसलेली लुंगी सोडून तिचं टोक याच्याकडे फेकलं आणि ओढून काढला. बाहेर आलो तेव्हा सेफोने तोंड फिरवलं, पोरगा गुणी आहे. मला विमानाची भीती नाही गं, तुझ्याकडे यायचंही फार मनात आहे. पण याला कुणावर सोपवून येऊ? तिकीट परत कर. यंदा तूच ये.