मागच्या चाकाचं आयुष्य

प्रिय नाहिद,

तुझा राजीनामा मुख्याध्यापक अप्पाराव सरांच्या टेबलावर पोचला. मात्र त्याच दिवसापासून त्यांचा चष्मा हरवलाय, त्यामुळे त्यांनी तो वाचलेला नाही. चष्मा कपाळावर असतो, पण एवढ्या मोठ्या माणसाला ते कोण सांगणार? तेव्हा तूर्त तू शाळेतच आहेस.

आता शोकवार्ता. आपल्या सायकलीचं मागचं चाक वारलं. गुरुवारी शाळेतून येताना धावड्याच्या अलीकडच्या उतारावर कडकड आवाज झाला आणि मी सगळ्या पांडित्यासह बांधावरच्या गवतात. लागलं काही नाही. एक म्हैस बघत होती, तेवढं लागलं.

रिजवाननं त्याच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात चाक उलटं टांगलं. चार तारा तुटलेल्या, बाकीच्या ढिल्या, ब्रेक घासून घासून रिमची कड पातळ झालेली. मी विचारलं, रोज ये-जा करणाऱ्याच्या चाकाचं आयुष्य असतं तरी किती? शास्त्रात माणसाला शंभर वर्षं दिलीत, चाकाचं कुठं सापडत नाही. तो म्हणाला, "बाई, पुढचं पाहा, अजून नवरदेवावानी हाय. सगळं वजन मागच्यावर पडतं, त्यात तुमची डबलसीट. तारा येळच्या येळी कसल्या तर लई चालतं. आतापस्तोर बराबर कसून घेत होता, मंग औंदाच काय झालं?"

मी तुटलेल्या तारा मोजल्या. चारच होत्या, तरी पुन्हा मोजल्या, तेव्हा तो घाबरला आणि त्यानं चहा मागवला.

औंदा काय झालं ते त्याला काय सांगू? पायडल मारायचं काम माझं होतं, चाक सांभाळायचं तुझं. मी पुढं बसून संस्कृतच्या विभक्त्या घोकायची, तू मागं कॅरिअरवर दोघींचे डबे मांडीवर घेऊन. 'देव' कोणत्या विभक्तीत आहे ते मला कळायचं, सायकल कोणत्या खड्ड्यात आहे ते तुला. मधेच पाठीत बोट खुपसायचीस, "उतर गं शास्त्रीबाई, तार ढिली झाली." मग रस्त्याच्या कडेला बसून दोन-दोन तारा चिमटीत दाबत जायचीस, आणि नेमकी ढिली तार सापडायची. मला सीटवर कधी काही कळलं नाही. तू यायची बंद झालीस आणि तारा एकेक करून गेल्या, तेही कळलं नाही.

फोन लावला की अबुबकर उचलतो, "अम्मी सोयी है," म्हणतो. संध्याकाळी पाचला तू झोपणाऱ्यातली नाहीस. पण पोरगा आईसाठी खोटं बोलतोय, म्हणून मी "बरं बेटा" म्हणते.

म्हणून पत्र. श्रावणातल्या तापानं तुझे कान नेले, हे आपल्या दोघींत मी अजून उच्चारलं नव्हतं. आता लिहिते. ऐकू येत नाही तर शिकवू कशी, असं तू राजीनाम्यात लिहिलंयस. पोरं उत्तरं पाटीवर लिहून दाखवायला तयार आहेत. छकुली तर म्हणते, पाढे ओरडून म्हणू. तिला जन्मात पहिल्यांदा वर्गात ओरडायची परवानगी मिळणार आहे, तेव्हा तिचा उत्साह निर्मळ समजू नकोस. आणि एक आठव. पहिल्यांदा ढिली तार सापडली तेव्हा मी विचारलं होतं, एवढ्या वाऱ्यात तुला ऐकू कसं आलं? तू हसलीस, "ऐकू कुठं आलं? कमरेला कळून राह्यलं. चाकावर मी बसलेय, तू न्हाई." रिजवाननं नवं चाक भरताना विचारलं, तारा साध्या टाकू की जाड? मी म्हटलं जाड टाक, डबलसीट आहे. तुला न विचारताच म्हटलं. सोमवारी सकाळी येते. घंटी वाजवणार नाही. दार उघडं ठेव.

डबे घेऊन पुढं बसता न येणारी, तुझीच
दैवशाला