विळीवर बसणारा गुडघा

आई, मागच्या आठवड्यात सर्जनने माझ्या डाव्या गुडघ्याचा एक्स-रे दाखवला. आतल्या बाजूची गादी झिजली आहे, बाहेरची अजून चांगली आहे. एवढ्यात गुडघा बदलायला नको, नडगीचं हाड कापून पाय जरा सरळ करू, म्हणजे भार चांगल्या बाजूवर जाईल, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, माझ्या आईचं हेच ऑपरेशन झालं होतं. तो खुर्ची पुढे ओढून बसला. कुणाचं बरीच वर्षं टिकतं, कुणाला लवकर गुडघा बदलावा लागतो, म्हणाला. मग विचारलं, "तुझ्या आईचं किती टिकलं?"

तेव्हापासून मी तेच शोधते आहे. तुझ्या ऑपरेशननंतरची पहिली दिवाळी. पुण्याच्या स्वयंपाकघरात तू जमिनीवर विळी मांडून बसली आहेस, एक पाय विळीच्या पाटावर, ऑपरेशनचा दुमडलेला, आणि कोबी चिरते आहेस. मी रागावले, तर म्हणालीस, "अगं, इथे बसलं की कळतं, पाय आपला आहे की डॉक्टरचा." तुझी तपासणी तीच. नंतर इतकी वर्षं मी फोनवर गुडघ्याचं विचारायचे आणि तू म्हणायचीस, "बसते की विळीवर."

मग तू इथे परदेशात, क्वेकर्स हिलला माझ्याकडे राहायला आलीस, बॅगेत घडीची विळी घेऊन. दुसऱ्याच दिवशी मी ती गराजच्या वरच्या फळीवर ठेवली. फरशी गार आहे, बसलीस तर उठता येणार नाही, इथे सगळे उभ्यानेच चिरतात, असं काहीतरी म्हणाले आणि सुरी दिली. तू ओट्याशी उभी राहून भेंडी चिरलीस, जाड जाड. जिना उतरताना कठडा धरायचीस, तो दुखत होतं म्हणून की सवयीने, हे मी विचारलं नाही. पुण्याला परत गेलीस तेव्हा विळी इथेच राहिली. पुढे वर्षभरात तू गेलीस.

आज दुपारी ती खाली काढली. पातं गंजलंय. किचनमध्ये मांडून बसायला गेले आणि अर्ध्यातच ओटा धरून थांबले. ऑपरेशनची तारीख घेतली आहे. नंतर पुन्हा बसून बघेन.

हा कागद ऑपरेशनच्या फाइलमध्ये ठेवते. सर्जनला मी त्या दिवशी "शेवटपर्यंत टिकलं" असं सांगून आले. विळी मी काढून घेतली होती, ते सांगितलं नाही.